किडक्या कणसाचं नाणं

आपल्या नव्या चलनाचं पहिलं नाणं बाबांनी कोरलं. ते देशभर लोकांच्या खिशात खुळखुळलं, पण बाबांना कुत्रंही ओळखत नव्हतं. टांकसाळीत ठसे कोरणाऱ्याचं नाव कुठेच जात नसे; नाव टांकसाळीच्या साहेबांचं. म्हणून तिथल्या कारागिरांची एक रीत होती. आपलं एक बारीक अक्षर नक्षीत दडवायचं. सगळ्यांना ठाऊक, पण कोणी चकार शब्द काढायचा नाही.

टांकसाळीत चलनाचं संग्रहालय उघडलं तेव्हा बाबा एक्क्याऐंशीचे होते आणि नजर पार गेली होती.

"नाण्यावरच्या कणसाच्या तिसऱ्या दाण्याखाली बघ," ते म्हणाले. "माझं अक्षर आहे. संग्रहालयवाल्यांना दाखव आणि पाटीवर नाव घालायला लाव. मी मेल्यावर घालून काय उपयोग?"

मी भिंग घेऊन गेले. कवड्या झाल्या, ओबडधोबड तांब्याची नाणी झाली, पहिल्या कागदी नोटा झाल्या, आणि मधोमध काचेत ते नाणं. पाटीवर साहेबांचं नाव. या माणसाला पेन्सिलीला धड टोक काढता येत नव्हतं! मी भिंग लावलं. तिसऱ्या दाण्याखाली काहीच नव्हतं.

बाबा इतकी वर्षं थापा मारत होते? मला रडूच आलं. संग्रहालयाच्या बाई जवळ आल्या, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं.

"अहो ताई, मग ते शेजारच्या पेटीत!" त्या खुशीत म्हणाल्या.

तिथे तेच नाणं होतं आणि दाण्याखाली बाबांचं अक्षर. खाली पाटी : 'किडक्या कणसाचं नाणं. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे ठशावर ओरखडा राहिला. साहेबांनी ठसा तासून घेतला व आधीची नाणी वितळवली. अत्यंत दुर्मिळ.' खाली ठसा तासल्याची तारीख होती; त्या दिवसांत बाबा तापाने अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना कोणी सांगितलंच नाही.

"हा ओरखडा नाही हो, अक्षर आहे."

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "दिसतंय खरं. पण साहेबांचा अहवाल आहे, सहीशिक्क्यासकट. मजकूर नाही बदलता येणार. 'कामगाराच्या' आधी वडिलांचं नाव मात्र घालता येईल."

माझं डोकंच फिरलं. मी भिंग उचललं आणि तडक निघाले.

घरी बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. पाटी शब्दन् शब्द सांगितली, नाव घालण्याबद्दल बाई काय म्हणाल्या तेही. आता ते साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील, असं वाटलं.

"ती पेटी कोपऱ्यात आहे का गं?" त्यांनी विचारलं. "लोक बघतात?"

"सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असते, बाबा."

"मग घालू दे. निष्काळजी तर निष्काळजी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं पूर्ण नाव सुवाच्य लिहून दिलं. बाईंनी एक छापील कागद पुढे केला : 'पाटीवरील मजकूर कुटुंबाला मान्य आहे.' मी सही केली.