नवं दावं

खोपोलीचा कारखाना गुजरातेत भरूचकडे हलणार हे दसऱ्यालाच कळलं होतं. तिकडे येणार की नाही, ते कामगारांनी सोमवारी सांगायचं होतं. म्हणून रविवारी सकाळी जगदीशने कडावच्या घरी ओटीवर बायकोला आणि आईला बसवून घेतलं.

"मोकळेपणानं बोला. तुमी नाय म्हनलात तर मी जानार नाय."

रूपाला ते बरं वाटलं. ती अंगणवाडी सेविका होती. ते काम गावात राहणाऱ्या बाईलाच मिळतं, गाव सोडलं की गेलं. पण चाळिशी ओलांडलेल्या जगदीशला इथे दुसरी नोकरी कोण देणार? शिवाय लेक सुरभी आठवीत होती. शाळा बदलायची तर आत्ताच.

"तिथं आमटीत गूळ घालतात म्हनं," ठकूबाई म्हणाली.

"आई, गूळ तर तुमीबी घालता."

"मी चिमटीभर घालते गं. ते ढेकूळ टाकतात."

"आनि चंदीचं काय?" रूपाने म्हशीकडे मान वळवून विचारलं.

जगदीशने पायाच्या नखाकडे पाहिलं. "बघू. आधी जायचं तर ठरू दे."

रूपा गोठ्यात शेण काढायला गेली, पण डोकं ओटीवरच होतं. शेजारच्या सोनालीचा नवरा नोकरीसाठी एकटाच परराज्यात गेला. आता तो सणाला येतो तेव्हा त्याची मुलं त्याला पाहुण्यासारखा चहा नेऊन देतात. सुरभीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. अंगणवाडी सुटेल, जीव तुटेल, पण घर एक राहील. तिने हात धुतले आणि होकार द्यायला ओटीकडे निघाली.

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. शिळफाट्याचा गुरांचा व्यापारी नवनाथ उतरला.

"वहिनी, पानी द्या जरा. इकडं आलोच होतो, म्हटलं हिलाबी बघून जावं."

बघायला कुणीही येतं. पण त्याच्या खांद्यावर दावं होतं, नवंकोरं, गाठही न पडलेलं. जनावर विकताना मालक आपलं दावं देत नाही, ते घरातच ठेवतो. घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं. नुसतं बघायला येणारा रिकाम्या हाताने येतो.

"तुला मंगळवारी बोलावलेलं ना रं," जगदीश पुटपुटला.

ठकूबाईने लेकाकडे पाहिलं. "मंग सकाळपासनं आमाला कशाला बसवलंस?"

"कधी बोललात याच्याशी?" रूपाने विचारलं.

"दिवाळीत."

"मी आता होय म्हनायला येत होते."

जगदीशचा चेहरा उजळला. "मग झालं की. गोष्ट एकच हाय."

"एक नाय."

ती आत गेली, तांब्याभर पाणी आणून तिने नवनाथला दिलं.

"भाऊ, दावं परत न्या. म्हैस विकायची नाय." मग ती नवऱ्याकडे वळली. "उद्या सांगा, एकटा येतो म्हनून. मी, सुरभी नि चंदी इथंच ऱ्हातो."

"आनि आई?"

ठकूबाई कधीच उठली होती. ती चंदीपुढे पेंढा टाकत होती.

"किती दिवस असं ऱ्हायचं, रूपा?"

"तिथनं येऊन मला विचारा. खरं विचारा. मग सांगन."

नवनाथने दावं गुंडाळून पुन्हा खांद्यावर टाकलं. गाडी वळवताना त्याने जगदीशकडे पाहिलं, पण जगदीश सोनालीच्या बंद दाराकडे बघत होता.