नकाशातलं निळं

माझं डोकं फिरलंय, आधीच सांगते. कानात चिखल हाय, बुटात चिखल हाय, आणि इथले आमचे कोच मागनुस सर टॉवेल देऊन म्हणतात, "ठीक आहे, होतं असं." काय कपाळ ठीक हाय!

ओरिएंटियरिंग म्हणजे हातात नकाशा न् होकायंत्र घेऊन रानात लावलेले झेंडे शोधत पळायचं. वाट ज्याची त्यानं ठरवायची. त्यासाठी मी निलंग्याहून पार स्वीडनला आले. इथल्या क्लबात उन्हाळाभर सराव केला की जागतिक स्पर्धेला जायची संधी. पण आजच्या शर्यतीत पहिल्या दहात आले तरच राहायचं, न्हाई तर परतीचं विमान. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि चांगली पळत होते हो मी! जीव तोडून. शेवटच्या झेंड्याच्या आधी सर ओरडले, "पाचवी आहेस!" पुढच्या पोरी डावीकडून, झाडीतल्या पायवाटेनं लांबचा वळसा घालून चालल्या होत्या. मी नकाशा बघितला. मधोमध, सरळ झेंड्यापर्यंत, निळ्या रेघांचा पट्टा. म्हणलं, येड्याच हायत ह्या, इतकी सोपी वाट सोडून कुठं चालल्या?

कारण आमच्याकडं निळं म्हणजे वाट. विष्णुपुरीच्या कॉलेजात पंचाक्षरी सर आम्हाला सर्व्हे शिकवायचे, त्यांनीच मला ह्या खेळाचा नाद लावला. सुट्टीत गावाकडं आले की त्यांनी दिलेला जुना नकाशा घेऊन तेरणेच्या काठानं पळायची. नकाशात नदी, नाले, तळं, सगळं निळंगार. खाली बघावं तर नुसती धूळ. काठावर बाभळी ओरबाडतेत, बांध आडवे येतेत, म्हणून पात्रात उतरायचं आणि बिनधास्त सुटायचं. वर्षामागून वर्षं पाऊसच न्हाई, पायाला तीच सवय लागली. आमच्या शेळ्या बी तिथूनच जातेत.

तर घुसले. थोडं गवत लागलं, आणि मग फसक्! कमरेपर्यंत दलदल. बर्फ वितळून साचलेलं काळं, गारढोण पाणी. एक पाय उपसावा तर दुसरा आत. तोंडावर पडले, नाकातोंडात पाणी गेलं. वळसा घालून आलेल्या पोरी पल्याडून एकेक करून पुढं निघून गेल्या, त्यांच्या पाठीवरचे नंबर मला दिसत होते. रडले. नकाशाला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या. निळं म्हणजे पाणी, हे पहिलीतलं पोर सांगंल!

सतरावी आले. मागनुस सर म्हणाले, "एवढी दलदल तुला नकाशात दिसली नाही?" दिसली होती की. त्यांना काय डोंबल सांगणार?

ते तिकिटाचं बघायला गेले आणि मायचा फोन आला. ती टँकरच्या रांगेत हुभी होती, मागं घागरींचा खणखणाट.

"पंचे, निवडली का गं?"

"न्हाई. हरले."

"पडलीस का? पाय मोडला का?"

"न्हाई माय. पाण्यात अडकले."

"कशात?"

"पाण्यात! मला वाटलं कोरडं आसंल."

"किती होतं?"

"कमरेइतकं."

ती फोन बाजूला धरून रांगेतल्या बायांना सांगाया लागली, "ऐकलं का सुमनबाई, आमच्या पंचीच्या तिकडं रानात कमरेइतकं पाणी हाय म्हणं! मोकळंच, राखण बी न्हाई! लातूरला रेल्वेनं पाणी आणून राहिलेत, आणि आपण बसलोत उदगीर नवा जिल्हा होईल, मग नळ येतील म्हणून वाट बघत."

माझा भडका उडाला. "माय, मी हरले! समदी मेहनत मातीत गेली, मला परत पाठवून राहिलेत, आणि तू पाण्याचं काय घेऊन बसलीस?"

"हाव बाई, हाव. रडू नको. ये घरी."

मला वाटलं, आता ठेवते फोन. पण तिनं ठेवला न्हाई. हळूच, लाजत विचारलं, "पंचे, गोडं हाय का गं ते?"

त्या पाण्याची चव अजून तोंडात होती. मघापासून मी ते थुंकूनच राहिले होते.

"हाव माय," मी म्हणलं, "लई गोडं हाय."