दत्ताच्या जागी क्लॅम्प

प्रविणने पिशवीतून ती काळी, मुठीएवढी वस्तू काढून दत्ताच्या हातात दिली, तेव्हा दत्ताला वाटलं हा नळाचा काहीतरी जोड असेल.

"क्लॅम्प हाय. गाडीच्या हँडलला बसवायचा, वर कॅमेरा," प्रविण म्हणाला. "तूच बसव. तुझ्या हाताला बरं जमतं."

आपली जागा घ्यायला आलेली वस्तू आपल्याच हातात दिली आहे, हे दत्ताच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

दत्ताची जागा म्हणजे प्रविणच्या मोटरसायकलची मागची सीट. प्रविण राहायला पेणच्या रामवाडीत आणि नोकरीला रोह्याच्या एका कंपनीत. रविवारी शिफ्ट नसली की दोघं गाडी काढून रोह्याकडे सुटायचे, वरसेला प्रविणच्या बहिणीकडे जेवायचे आणि भरल्या पोटाने परत यायचे. वाटेत प्रविण गाडी चालवता चालवता अखंड बडबडायचा, दत्ता मागून त्याच्या खांद्यावरून फोन धरून शूटिंग करायचा आणि रात्री तो व्हिडिओ प्रविणच्या चॅनलवर जायचा. बघणारे काही लाखांनी नव्हते, पण पेणच्या बाजारात दोघांना ओळखणारी माणसं निघू लागली होती.

दत्ता पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखतो. ज्यात हात केसभर हलला तरी देव तिरळा होतो, असं ते काम. त्यामुळे खड्ड्यातून गाडी उडाली तरी त्याचा फोन हलत नसे. एकदा व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'रस्ता एवढा भंगार, तरी चित्र हलत नाही. हात कोणाचा आहे?' दत्ताने ते बायकोला, नंदाला, इतक्या वेळा दाखवलं की शेवटी ती म्हणाली, "माझं पाठ झालंय आता. पुढचं काहीतरी दाखवा."

आणि आता हा क्लॅम्प. गरज सरो, वैद्य मरो.

रामवाडीत प्रविणच्या अंगणात बसून दत्ताने तो बसवला. वाईट बसवून देण्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही, पण हातांना वाईट काम येत नव्हतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याने हँडलला गुंडाळली, म्हणजे क्लॅम्प घसरायला नको, हादरेही कमी बसतील. मग स्क्रू पिळले. आपल्याच हाताने सवतीला मुंडावळ्या बांधाव्यात, तसं त्याला होत होतं. मेला जेवत नाही, बोलत नाही, थकत नाही, चहा मागत नाही. अशाशी माणसाने बरोबरी करायची तरी कशी?

प्रविणने कॅमेरा वर चढवला, एक बटण दाबलं, पुढे उभं राहून हात हलवून पाहिला. "झकास," तो म्हणाला आणि कपडे बदलायला घरात गेला.

तेवढ्यात विमलबाई, म्हणजे प्रविणची आई, ताट घेऊन बाहेर आली. या बाईच्या घरात नवीन वस्तू पूजेशिवाय चालू होत नाही. मिक्सरला कुंकू, पाण्याच्या मोटरीला कुंकू, गेल्या वर्षी जावयाने आणलेल्या इस्त्रीलासुद्धा कुंकू. तिने कॅमेऱ्याला फुलाची पाकळी वाहिली, पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलं आणि थबकली.

"दत्ता, याचं कपाळ कंचं रं?"

दत्ताने तोंड उघडायच्या आत तिचं तिनेच ठरवलं आणि कॅमेऱ्याच्या गोल काचेवर, खालच्या अंगाला, ठसठशीत बोट टेकवलं. "बघ कसा शोभतोय," असं म्हणून ती नारळ आणायला आत वळली.

दत्ता उठला. वाकून काचेजवळ तोंड नेलं. ओलं कुंकू काचेवर पसरत होतं. रोह्यापर्यंतचा सगळा रस्ता, भाताची शेतं, कुंडलिकेचं पाणी, सगळं आज लाल चिखलात जाणार होतं. गाडीवर बसल्यावर प्रविणला कॅमेऱ्याची पाठच दिसणार, म्हणजे त्याला कळायचं कारण नव्हतं. शर्टाच्या टोकाने एकदा पुसलं असतं तर काम झालं असतं. दत्ताने शर्टाचं टोक धरलंही. मग त्याला तो क्लॅम्प दिसला, ऐटीत बसलेला. करू दे की याला शूटिंग. दिसू दे जगाला. त्याने शर्ट सोडला आणि हात खिशात घातला.

प्रविण हेल्मेट घेऊन बाहेर आला. "चल, बस मागं."

"माझं काय काम आता? जोह्याला देवीच्या मूर्त्या पडल्यात."

"आज रविवार हाय."

"देवीला रविवार नसतो," दत्ता म्हणाला आणि सायकल काढून चालू लागला.

खरं सांगायचं तर त्याचा तो दिवस मजेत गेला. कारखाना रविवारचा बंदच होता, तो नुसता घरात लोळत पडला. आता वडखळ आलं असेल, आता नागोठणं, असा हिशेब करत तो गालातल्या गालात हसत होता. आज ना उद्या प्रविण येणार, म्हणणार, बाबा रे, तुझ्या हातासारखा हात नाय. दत्ता आधी थोडे आढेवेढे घेणार होता. काय बोलायचं तेही त्याने जुळवून ठेवलं होतं.

प्रविण संध्याकाळीच आला. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. "व्हिडिओ बघ," म्हणाला. नंदाही हात पुसत दत्ताच्या मागे येऊन उभी राहिली.

फोनवर आधी अंगण दिसलं. मग विमलबाईचं बोट जवळ जवळ येत गेलं आणि खालचा अर्धा पडदा लाल झाला. कॅमेरा तेव्हाच चालू होता. वरच्या अर्ध्यात आता त्याचं स्वतःचं तोंड आलं, एवढं मोठं की नाकावरचा घाम दिसत होता. ते तोंड काचेकडे निरखून बघत होतं. शर्टाचं टोक वर आलं, थांबलं, खाली गेलं. मग ते तोंड हसलं. आपण हसलो होतो हे दत्ताला आठवत नव्हतं.

प्रविणने व्हिडिओ थांबवला नाही.

लाल धुक्यातून दत्ताची सायकल गेली. मग विमलबाईचा आवाज आला, "दत्ता गेला व्हय? नारळ तरी घेऊन जायचा."

"काम हाय म्हणतो," प्रविणचा आवाज. "त्याच्यासाठीच तर घेतला गो हा. एका हातानं फोन धरून बसतो. मागच्या खेपेला भिसे खिंडीत गाडी आपटली, तवा खाली पडलाच व्हता. मी हात मागं घालून धरला म्हणून वाचला. नंदाला काय तोंड दाखवलं असतं मी? म्हटलं, आता दोन्ही हातांनी धरून बसंल. आणि आज तोच नाय."

प्रविणने फोन बंद करून खिशात टाकला.

"पुसायचं व्हतंस रं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

दत्ताने जुळवून ठेवलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "मला वाटलं, माझं काम सरलं."

"काम?" प्रविणने त्याच्याकडे नीट बघितलं. "मी तुला कामाला ठेवला व्हता?"

त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर दत्ताला सोपं गेलं असतं. पण प्रविण खरोखर विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत दारातच उभा राहिला.