डाव्या हाताची वही

मास्तर रोज दुपारी चारच्या ठोक्याला थोरल्या बहिणीकडे यायचे. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण अंगात मुरलेली घंटा काही जात नव्हती. चपला दाराशी जोडीने काढायच्या, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, कॉम्प्युटरची 'हजेरी' घ्यायची आणि मगच ताईच्या पलंगाकडे वळायचं, असा क्रम ठरलेला.

हजेरी म्हणजे सगळं जागेवर आहे ना ते तपासायला त्यांनीच लिहिलेली, चार आज्ञांची चार ओळींची फाइल. सहा महिन्यांपूर्वी ताईची उजवी बाजू गेली होती. बोलणं शाबूत राहिलं, डोकं तर आधीपेक्षा तिखट झालं, पण उठणं-बसणं दुसऱ्याच्या हाती गेलं. तिला दिवसभर जुनी गाणी आणि नाटकांची रेकॉर्डिंग ऐकायची असत. दर वेळी "मावशी, जरा ते लावा हो" म्हणणं तिच्या जिवावर यायचं. मावशी म्हणजे तिला सांभाळायला येणाऱ्या बाई. म्हणून मास्तरांनी शाळेने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि मागच्या यूएसबीत रिमोटचा इशारा पकडणारा अंगठ्याएवढा रिसीव्हर खोचला. घरात जुन्या टीव्हीचा रिमोट पडून होता. त्याचं बटण दाबलं की रिसीव्हरचा लाल दिवा लुकलुकायचा. प्रत्येक बटण एक आकडा पाठवतं, आणि कुठल्या आकड्यावर काय करायचं याची यादी कॉम्प्युटरला द्यावी लागते. मास्तर दोन दुपारी त्या यादीवर खपले. मग ताईने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं आणि गाणं लागलं.

"चला, मावशींची एक कटकट गेली," ती म्हणाली. त्या संध्याकाळी मास्तर रस्त्याने शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून रड सुरू झाली. सकाळी नऊला मावशी कॉम्प्युटर चालू करायच्या, ताई रिमोट दाबायची, आणि आवाज कमी-जास्त होण्यापलीकडे काही व्हायचं नाही. गाणं लागायचं नाही, पुढे सरकायचं नाही. चारला मास्तर यायचे, हजेरी घ्यायचे, बटण दाबायचे, की गाणं सुरू. ताईच्या हातात रिमोट दिला तरी सुरू.

"आवाजाची बटणं चालतात ना? मग यंत्र ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. "ती बटणं मोठी आहेत. खालची बारीक आहेत, त्यांना जोर लागतो. तू अर्धवट दाबतेस."

"अरे, पण आत्ता तर लागलं."

"मी समोर आहे म्हणून नीट दाबलंस. वर्गातही असंच असतं."

ताई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अंधारातही चुकीच्या भोकात वायर घालणार नाही, असा तिच्या बोटांचा लौकिक. तिने आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं, कामावर उशिरा आलेल्या शिकाऊ पोरीकडे पाहावं तसं.

"याला काय झालंय आता?" ती म्हणाली.

मास्तरांनी मग आपल्या पद्धतीने उपाय काढला. एक दुरेघी वही आणली, उभे रकाने आखले आणि ताईला गृहपाठ दिला. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रत्येक बटण दहा वेळा दाबायचं. लागलं तर बरोबरची खूण, नाही लागलं तर फुली. ताई सांगेल तशा खुणा मावशी करायच्या. आठवड्याने मास्तरांनी वही वरवर चाळली, फुल्या पुष्कळ दिसल्या, आणि खिशातलं लाल पेन काढून खाली शेरा मारला: 'लक्ष देऊन दाबावे. सराव कमी पडतो.' चाळीस वर्षांची सवय. लिहून झाल्यावर त्यांना जरा बरंच वाटलं.

त्याच सुमारास व्यायाम शिकवायला येणारा तरुण आला होता. मास्तरांनी ताईच्या देखत त्याला सांगितलं, "डावाही जरा ढिला पडतोय असं दिसतं. रिमोटचं बटणसुद्धा दाबलं जात नाही." त्याने हात हलवून पाहिला, ताकद ठीक वाटते म्हणाला, पण लक्ष ठेवा म्हणून सांगून गेला.

पुढच्या सोमवारी मास्तर आले, तेव्हा मावशी ताईला चमच्याने सूप भरवत होत्या. ताईच्या गळ्याशी टॉवेल खोचला होता. आजारी पडल्यापासून इतके दिवस ती डाव्या हाताने आपलं आपण जेवत होती. सांडायची, स्वतःलाच शिव्या द्यायची, पण चमचा कुणाच्या हातात द्यायची नाही.

"हे कधीपासून?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"झाले चार दिवस," मावशी म्हणाल्या. "ब्लाउजची बटणंपण मीच लावते. मी म्हटलं, जमतंय की तुम्हाला. तर म्हणतात, मास्तर म्हणालेत ना, हात ऐकेनासा झालाय."

ताईने तोंड भिंतीकडे वळवलं. "उगाच सांडून ठेवायचं कशाला," ती म्हणाली. "गृहपाठ मात्र केलाय हो. बघून घे."

तिच्याकडे बघवेना म्हणून मास्तरांनी वही उघडली, आणि या वेळी ती खरोखर वाचली. सकाळच्या रकान्यात आवाजाची बटणं सोडून नुसत्या फुल्या. सगळे दिवस. दुपारी बाराच्या रकान्यातही फुल्या. संध्याकाळचा रकाना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबरच्या खुणांनी भरलेला, एकही फुली नाही. मास्तरांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. हजारो वह्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. चुका करणारं मूल कधी चुकतं, कधी बरोबर येतं. घड्याळ बघून चुकणारं मूल त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

ते टेबलाशी जाऊन बसले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. हजेरी घेतली नाही. रिमोट स्वतःच्या उजव्या हातात धरून खालचं बटण दाबलं. काही नाही. जोर लावून दाबलं. लाल दिवा लुकलुकला, गाणं लागलं नाही. आवाजाचं बटण दाबलं, पडद्यावरची आवाजाची पट्टी वाढली.

त्यांनी हजेरीची फाइल उघडली. तिसऱ्या ओळीत यादी चढवण्याची आज्ञा होती. पहिल्या दिवशी सोय म्हणून त्यांनीच ती तिथे टाकली होती आणि साफ विसरले होते. अशी चढवलेली यादी कॉम्प्युटर बंद करेपर्यंतच टिकते. रोज संध्याकाळी निघताना ते स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बंद करत, सकाळी तो कोऱ्या पाटीसारखा उठे. मुळात त्याला येत होती ती आवाजाची दोन बटणं तेवढी. चारला मास्तर येऊन पुन्हा यादी चढवत आणि बहिणीला लक्ष द्यायला सांगत.

"ताई, जरा दाब," ते म्हणाले. यादी न चढवता, येणारे आकडे नुसते दाखवणारी आज्ञा त्यांनी दिली होती.

"कुठलं?"

"कुठलंही. खालचं."

तिने दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली. पुन्हा दाबलं, पुन्हा ओळ. दहा वेळा दाबलं, दहा ओळी. एकही आकडा गळला नव्हता. गेले कितीतरी दिवस ती सकाळपासून असेच बिनचूक आकडे पाठवत होती.

यादी कायमच्या जागी ठेवायला आणि कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या फाइलीत यादीचं नाव नोंदवायला मास्तरांना पाच मिनिटंही लागली नाहीत. कॉम्प्युटर पुन्हा बंद करून चालू केला, बटण दाबलं, गाणं लागलं.

"लागलं की," ताई पलंगावरून म्हणाली. "सरावाने झालं म्हणायचं."

तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू होतं. मास्तरांच्या मनात आलं, असंच राहू द्यावं. ती सरावाने जिंकली, मी चिकाटीने शिकवलं, सगळे खूश. नुसतं "शाब्बास" म्हणायचं होतं. शब्द जिभेवर येऊनही बसला. तेवढ्यात मावशींनी टॉवेलच्या टोकाने ताईची हनुवटी पुसली.

"सरावाने नाही," मास्तर म्हणाले. खुर्ची ओढून ते पलंगाशी बसले आणि पाचवीच्या मुलीला समजावून सांगावं तसं सगळं सांगितलं. यादी काय असते, ती कुठे ठेवायला हवी होती, कुणी ठेवली नाही. "तू पहिल्या सकाळपासून बरोबर दाबत होतीस. एकदाही चुकली नाहीस. माझं चुकलं."

मावशी वाटी घेऊन तशाच उभ्या.

"म्हणजे हात ठीक आहे," ताई म्हणाली.

"हो."

"आणि तू त्या व्यायामवाल्याला सांगितलंस."

"त्याला आजच फोन करतो."

"वही दे इकडे."

मास्तरांनी वही दिली. तिने डाव्या हातानेच पानं उलटून लाल शेरा काढला. मास्तरांनी तो खोडायला पेन काढलं, तशी तिने तळहात वर ठेवला.

"खोडायचं नाही. खाली लिही, काय खरं ते."

त्यांनी लिहिलं: 'विद्यार्थिनीची चूक नव्हती. शिक्षकाने तपासले नाही.' खाली सही केली. अक्षर त्यांचं नेहमीसारखं वळणदार आलं नाही. ताईने वाचलं आणि विचारलं, "शाळेतपण असंच न तपासता शेरा मारायचास का रे?"

तिने टोमणा मारला नव्हता, सहज विचारलं होतं. मास्तरांनी आठवून पाहिलं. असं एकही मूल, एकही वही आठवेना. पण ही वहीसुद्धा त्यांनी आज दुसऱ्यांदा उघडली म्हणून कळलं होतं. बाकीच्या कुठे उघडल्या होत्या?

"माहीत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चारची वाट न पाहता नऊलाच आले. मावशींनी कॉम्प्युटर चालू केला, ताईने बटण दाबलं, गाणं लागलं. हात मात्र एका दिवसात परत आला नाही. दुपारी जेवण आलं तेव्हा तिने सवयीने तोंड उघडलं. मावशींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी जमिनीकडे. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी मावशी वाटी घेऊन बसल्या, तेव्हा ताईने डावा हात पुढे केला. चमच्याला लावता लावता तो थांबला.

"मास्तर, तू बाहेर जा आधी."

"का?"

"तू समोर असलास की मला बरोबर येतं म्हणालास ना? मग तू नसताना येतं का ते बघू दे. आणि दार लोटून घे."

मास्तर उठले. बाहेर येऊन दार लोटून घेतलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. किती मुलांना त्यांनी असं उभं केलं होतं, तेही त्यांना सांगता आलं नसतं. आत चमचा वाटीवर आपटला. मग काहीतरी सांडलं, ताईने स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि मावशी खुदकन हसल्या. पुन्हा चमच्याचा आवाज आला. पुन्हा आला. मास्तर आत बोलावण्याची वाट बघत उभे होते, पण बोलावणं आलं नाही.