घाटाच्या पायरीवरचा शेवट

टक्.

दुपारची वेळ होती. लाइट गेलेली, पंखा बंद, पाळण्यातली धाकटी नुकतीच झोपलेली. त्या शांततेत चमच्याच्या दांड्याने माझ्या डब्याचं झाकण उचकटलं गेलं आणि खोलीभर आंबूस वास पसरला.

"आई, लोणचं आहे?" पाच वर्षांच्या इंद्रजितने विचारलं.

"नाही रे. सिनेमा आहे," अपेक्षा म्हणाली.

मित्रांनो, तिने बरोबर सांगितलं. मी एका जुन्या सिनेमाच्या शेवटाचा तुकडा आहे. बाकीचा सिनेमा पुण्याला आहे. मी मात्र सांगलीत, विश्रामबागेतल्या या घरात, पापडाच्या डब्याशेजारी राहतो.

माझा जन्म वाईच्या घाटावर झाला. लीलाबाई नावाच्या तरुण नटीने सिनेमातल्या आईचं काम केलं होतं. कडेवरचं तान्हं मूल तिने पायरीवर ठेवायचं. पदर धरून त्याच्यावर सावली करायची. मग तो पदर ओढून घ्यायचा आणि पायऱ्या चढून निघून जायचं, मागे वळून न बघता. तेवढंच माझ्यात आहे. ते संपलं की पांढरा उजेड.

शहरात माझं नाव झालं. नंतर एक प्रत आटपाडीच्या कोंडीबांनी घेतली. त्यांचा फिरता तंबू होता. शिराळ्यापासून आटपाडीपर्यंत, जत्रेमागून जत्रा. दिवसा देव, अंधार पडला की पडदा. एका देवीच्या जत्रेत बाया ओटी भरून, हातभर हिरव्या बांगड्या घालून थेट तंबूत आल्या. मी पडद्यावर येऊन गेलो, तरी कुणी उठेना. बाहेर गाडीवाले हाका मारत होते आणि बाया पोरांना पोटाशी धरून तशाच बसल्या होत्या.

ओटी भरून आलेल्या बाईने रडत घरी जायचं नसतं. कोंडीबांना ते लागलं. सकाळी त्यांनी ब्लेड घेतलं आणि मला कापून काढलं. सिनेमाच्या मधलं बारसं उचललं, कडा खरवडून शेवटाला चिकटवलं. माझ्या जागी पाळणा आला. त्या रात्री बाया हसत घरी गेल्या. दुसऱ्या तंबूवाल्यांनीही आपापल्या प्रतींना तोच शेवट लावून घेतला. आमच्या भागात तो सिनेमा पाळण्यावरच संपतो. लोकांना तो तसाच पाठ आहे.

कोंडीबांनी मला फेकून दिलं नाही. डब्यात गुंडाळून ठेवलं. पुढे तंबू मोडला, घरोघरी केबल आली, कोंडीबाही गेले. त्यांच्या बायकोने, रंगुबाईने, नातीकडे म्हणजे या अपेक्षाकडे सांगलीला येताना एक ट्रंक आणली आणि मला आणलं. हवा लागू नये म्हणून तिने झाकणाच्या फटीत मेण भरलं. दर दिवाळीला ती डबा पुसायची, मेण नव्याने लावायची. आत मी आक्रसत होतो. कडा मुडपल्या, थर एकमेकांना चिकटले. वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. काही वाटतच नव्हतं.

आज ते मेण निघालं. पुण्याहून पुष्कर नावाचा तरुण आला होता. जुने सिनेमे धुऊन, सांधून मूळ रूपात आणणाऱ्या संस्थेत तो कामाला होता. त्याच्याबरोबर वाईहून लीलाबाई आल्या होत्या. एसटीने हाडं खिळखिळी झाली म्हणत त्या भिंतीला टेकून बसल्या. पांढरे केस, जाड चष्मा. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांची पाठच जास्त माझ्यात आहे.

"आजी, मूळ प्रत गोदामात कुजली. आमच्याकडे आहे ती तुमच्या तंबूतली, पाळण्यावर संपणारी," पुष्करने रंगुबाईला सांगितलं. "हा शेवट आता जगात इथेच आहे. हा परत लावायचा आणि बारसं मधे, त्याच्या जागी न्यायचं."

"आन् आमच्या मानसानं जोडल्यालं तोडायचं?"

"दोन्ही ठेवता येत नाहीत. एकेक चित्र धुवावं लागतं. एका शेवटाचाच खर्च कसाबसा मंजूर झालाय. तिकडेही वाद आहेच. आटपाडीहून पत्रं आलीत, आमचा पिच्चर बिघडवू नका म्हणून."

"मग बरुबर हाय त्यांचं." रंगुबाईने डबा मांडीवर ओढला. "आवं लीलाबाई, तुमी पायऱ्या चढून गेला, मोकळ्या झाला. मागं त्या बायांस्नी घर गाठायचं हुतं."

"मी मोकळी झाले नाही," लीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "लोक भेटले की बारशाचं कौतुक करतात. पाळणा काय, कुणीही हलवला असता. त्या पायरीवर मी काय केलं ते मी एकदाच पाहिलं, तेसुद्धा डोळे मिटून. माझं तान्हं तेव्हा घरी होतं, रंगुबाई. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पुरतं दिसेनासं व्हायच्या आत एकदा उघड्या डोळ्यांनी बघायचंय."

रंगुबाईने बोटाने झाकणाच्या कडेचं मेण खरवडलं. अपेक्षा पाळण्याची दोरी धरून होती. धाकटी झोपली होती, तरी ती दोरी हलवत होती.

"मी एवढं जपलं," रंगुबाई पुष्करला म्हणाली, "तरी आंबलं कसं रं?"

"आजी, याला वारा लागतो. बंद ठेवला की स्वतःच्याच वासाने कुजतो."

"मंजी मीच घुसमाटलं."



मित्रांनो, रंगुबाईने माझ्यावर माया केली, फक्त उघडून बघितलं नाही. तुमच्याही घरात असं काही असेल. वर्षातून एकदा ते उघडा, त्याला वारा द्या, त्यात काय आहे ते बघा. बघायला जड गेलं तरी बघा. पुसून परत ठेवणं पुरेसं नसतं, एवढं मला समजलं आहे. मी आता एकदाच धुतला जाईन आणि माझी नक्कल उतरवतील. त्यानंतर मला गुंडाळता येणार नाही, मी तुटेन. याचंही मला विशेष काही वाटत नाही.

"न्या," रंगुबाई म्हणाली. "पर ओटीच्या दिवशी आमच्या देवीम्होरं लावू नका."

"नाही लावणार. मी सांगते ना," लीलाबाई म्हणाल्या.

पुष्करने सुती हातमोजे चढवले आणि माझं सुटं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. इंद्रजित त्याच्या कोपराखालून वर डोकावला. लहान लहान चौकटींत तीच पायरी, तेच मूल आणि प्रत्येक चौकटीत जराशी लहान होत जाणारी पाठ. तो एकेका चौकटीवर बोट धरत खाली खाली गेला. शेवटच्या चौकटीत पायरीवर मूल एकटंच होतं. खाली कापलेली कड.

त्याने लीलाबाईंकडे पाहिलं. त्यांनाही पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. मग तो आईकडे वळला. अपेक्षाच्या हातातली पाळण्याची दोरी थांबली होती.

"आई, ती त्याला घ्यायला परत कधी येते?"