दळण सरलं

लोह्याकडं कुठंही लग्न निघालं की हळद दळायला सगुणाबाईला बोलावणं यायचं. बाकीचं पीठ गिरणीवर जातं, पण लग्नाची हळद अजून जात्यावरच पडते, आणि जातं फिरलं की गाणं लागतं.

पहिली माझी ओवी, वेशीच्या मारुतीला
दुसरी माझी ओवी, जात्याच्या गं पाळीला
तिसरी माझी ओवी, भावाच्या बैलजोडीला
चौथी माझी ओवी, दूर दिल्या गं लेकीला

मग नवरी, नवरदेव, करवली. मांडवाच्या मेढीलासुद्धा एक. लहानपणी आरतीनं विचारलं होतं, "माय, तुझी कोणती?"

"आपली शेवटाला असती बाई."

"मग म्हण की."

"तवर दळण सरतंय," म्हणून सगुणाबाई हसली होती.

गेल्या लग्नसराईत तिचा आवाज बसला. कुणाला नवल वाटलं नाही. गाणारीचा घसा लग्नसराईत बसायचाच. "यंदा लई हळदी दळल्या आक्कानं," बाया कौतुकानं म्हणायच्या आणि ज्येष्ठमधाची काडी पुढं करायच्या. नवरा, शेषेराव, ओसरीवरून म्हणायचा, "लग्न झाल्यापासून पयल्यांदाच घरात शांतता हाय. ऱ्हाऊ द्या की जरा."

लेक लातूरला होती. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये पोरांचा दिवस आखून देणं, हे आरतीचं काम. "सगळंच महत्त्वाचं नसतं रे. ज्यानं निकाल फिरतो ते आधी. बाकीचं थांबतं," ती सांगायची, आणि पोरांना ते पटायचं. मायला ती फोनवर म्हणायची, "एवढी परीक्षा होऊ दे, नांदेडला दाखवून येऊ." परीक्षा झाली. मग निकाल आला, मग प्रवेश, मग नवी बॅच. फोनमधला मायचा आवाज वाळल्या पाचटासारखा सळसळायला लागला. तरी ती म्हणायची, "घसाच हाय गं. तुझं उरकून घे."

माय थांबली. आजार काही थांबला नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि हातमोजे काढत म्हणाले, "आवाज बसला तेव्हाच आणायचं होतं." स्वरयंत्र काढावं लागणार होतं. उद्याच.

"आणि बोलणं?" आरतीनं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी वॉर्डात, खाटेच्या कडेला बसून आरतीनं फोन मायच्या तोंडाजवळ धरला. "माय, एकच म्हण. तुझी. बाकी सगळं राहू दे."

"मारुतीला सोडून माझी आधी कशी म्हनू?" सगुणाबाईनं फोनकडं बघितलं. "ह्याच्यात आवाज ऱ्हातंय का?"

"राहतो."

"तुझ्या बापाला ऐकू यील?"

"येईल."

मग तिनं पदर सावरला, जणू जात्यावरच बसली. "अहो, ऐकायलात का? गोळी देवळीत हाय, लाल झाकणाच्या डब्यात. जेवल्यावर घ्या, चहासंगं न्हाई. सोयाबीनचं पोतं भिंतीपासून सरकवा, ओल धरतंय. अन् चंद्रीला आधी हाक मारा, मंग कासंला हात लावा. अशी… ये गं माझी चंद्रे, ये बाई, सोड पान्हा…"

"माय, म्हशीचं राहू दे. तुझी ओवी."

"म्हनते की. थांब." ती खोकली. "आरतीसाठी मेथकूट करून ठिवलंय, ते तिला द्या, न्हाईतर बसताल एकलेच चाटत." परत खोकली, पाणी प्यायली. "आता माझी…"

तोंड उघडलं. दाणे संपल्यावर रिकामं जातं घरघरतं, तशी नुसती घरघर आली. परिचारिका धावत आली. "मावशी, बास. आता एक शब्द नाही."

गावी परतल्यावर सगुणाबाईच्या गळ्याला भोक होतं, वर जाळीचा कपडा. चंद्री आटत चालली होती. शेषेरावच्या हाकेला ती पान्हा सोडत नव्हती. पहिल्या सकाळी सगुणाबाई स्वतः बादली घेऊन बसली. कास थोपटली. ओठ हलले. म्हशीनं वळून पाहिलं नाही.

शेषेराव दारात घुटमळला. मग खिशातून त्यानं फोन काढला. आरतीनं त्यात मायचा आवाज घालून दिला होता. गोळी, पोतं, आणि मग, "ये गं माझी चंद्रे, ये बाई…"

चंद्रीचे कान उभे राहिले. तिनं मान वळवली ती शेषेरावच्या हाताकडं. बादलीत धार वाजली. सगुणाबाई खाली मान घालून पिळत राहिली.

आरती उंबऱ्यात उभी होती. बंद कर म्हणावं असं तिला वाटत होतं, पण दूध येत होतं. फोन पुढं बोलत राहिला. मेथकूट. खोकला. "आता माझी…"

घरघर झाली आणि फोन गप्प झाला.

"मंग पुढं काय म्हनलीस?" शेषेरावनं विचारलं. विचारून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

सगुणाबाई उठली, आणि बादली तिनं त्याच्या हातात दिली.