मागच्या सीटवरचं वजन

शिल्पाने मला मोटारसायकलवर बसायला सांगितलं तेव्हा माझ्या हातात पुस्तक होतं, आणि ते गॅरेजमध्ये कुठे ठेवावं हेच मला कळेना.

"बाबा, पाच मिनिटं. मला तुमचं वजन पाहिजे."

"माझं?"

"माझा सामान अजून पॅक नाही झाला. तंबू, स्टोव्ह, टूल्स, बाजूच्या पेट्या, सगळं मिळून साधारण एक माणूस होतो. तुम्ही सामानाच्या जागी बसायचं. हलायचं नाही. दॅट्स इट."

सामानाच्या जागी बसून राहणं हे काम मला जमेल असं वाटलं. पुस्तक मी खिडकीत ठेवलं.

शिल्पा माझी सून. ती इथे लंडनच्या हाउन्सलोमध्येच जन्मली, वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत लिंगं अधूनमधून घसरतात, आणि आता हीथ्रोच्या एका हँगरमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करते. माझी बायको नंदा गेल्यापासून मी तिच्या आणि अनयच्या घरी, खालच्या खोलीत राहतो. नंदा डॉक्टर होती. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून आम्ही पुण्याहून आलो, आणि मी ईलिंगच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करत निवृत्त झालो. मागच्या सीटची मला तशी सवय आहे.

शनिवारी शिल्पा निघणार होती. इथून हॉलंड, मग डेन्मार्क, तिथून बोटीने आइसलँड, आणि आइसलँडच्या मधोमध दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा खडीचा रस्ता. तो उन्हाळ्यात काही आठवडेच उघडतो. त्यावर पूल फार नाहीत, नद्या गाडीनेच पार करायच्या. एक पेट्रोल पंप सुटला की दुसरा दोनशे किलोमीटरच्या पुढे. एका संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मला तो रस्ता दाखवला होता. दोन पांढऱ्या हिमनद्यांच्या मधून एक बारीक तुटक रेघ जात होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना कागद कोरा होता.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे गाव वगैरे?"

"झाड पण नाही, बाबा. म्हणूनच जायचं."

ती भांडी घासायला गेली तरी मी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो. माझं आयुष्य छापलेल्या पानांकडे बघण्यात गेलं. मोकळ्या कागदावरून नजर हटू नये असा अनुभव मला नवा होता.

ही सहल याआधी दोनदा रद्द झाली होती. पहिल्यांदा तिला रजा मिळाली नाही. दुसऱ्यांदा बोटीचं तिकीट हातात असताना नंदा आजारी पडली. शिल्पाने तिकीट परत केलं आणि रात्रपाळी घेऊन दिवसा नंदाजवळ बसली. त्याबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही. आता तिचा पंचेचाळिसावा वाढदिवस त्या रस्त्यावर व्हायचा होता, आणि मी माझ्या पद्धतीने, म्हणजे कुणालाही न सांगता, ठरवलं होतं की ह्या वेळी आपल्यामुळे काही अडता कामा नये.

गाडी अडीचशे किलोची. गेले काही आठवडे मी ती सुटी होताना आणि पुन्हा उभी राहताना पाहत होतो. इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून ॲल्युमिनियमची जाड थाळी आली, जाड खाचांचे टायर आले, आणि नदीचं पाणी आत शिरू नये म्हणून हवेची नळी तपासून झाली. बोल्ट हवा तेवढा आवळून झाला की शिल्पा त्याच्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि नुसत्या नजरेने कळतं. विमानावरही असंच करतात म्हणे. विमानात बसताना मी नेहमी मनातल्या मनात स्तोत्र म्हणायचो. आपल्याखाली अशा हजारो पिवळ्या रेघा असतात हे ऐकल्यावर माझे हात कोपरापासून शहारले होते.

त्या रविवारी दुपारी गॅरेजचं दार वर होतं. अनय हातात टेप घेऊन मागच्या चाकाशी आडवा झाला होता. माझा मुलगा स्टॅनमोरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि बायकोच्या गाडीवर बसायला घाबरतो.

"बाबा, श्वाससुद्धा घेऊ नका," तो खालून म्हणाला. "मिलिमीटर हलला तर मॅडम परत मोजायला लावतात."

"तू फक्त टेप सरळ धर," शिल्पा म्हणाली.

"हा कोल्हा बघ," अनय म्हणाला. "येऊन दारात बसलाय, मांजरासारखा."

घरापुढे गाड्या लावायच्या ड्राइव्हच्या कडेला खरंच कोल्हा बसला होता. आमच्या भागात कोल्हे रात्रीचे हिंडतात, पण हा भरदिवसा यायचा. अंगाने चांगला भरलेला, तांबूस, निवांत. तो माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघितलं.

शिल्पा पुढे बसली, मी तिच्यामागे, दोन हात स्वतःच्या मांड्यांवर. धरायचं कुठे ह्याचा संकोच होता. गाडी आमच्याखाली जरा खाली गेली आणि थांबली, एखाद्या मोठ्या जनावराने श्वास सोडावा तशी.

"हे जे दबलं ना, ते मोजायचं," शिल्पा मान न वळवता सांगत होती. "कमी दबली तर खड्ड्यात चाक उडतो. जास्त दबली तर दगडावर पोट आपटतो. वजनाप्रमाणे स्प्रिंग सेट करायची. तुमचं किती, बाबा?"

"सहासष्ट," मी म्हणालो.

तिने मनात हिशेब केला आणि सीटखालचा काळा नॉब फिरवला. अनयने आकडा वाचला.

"पाच मिलिमीटर कमी दबतेय," ती म्हणाली. "परत बघ."

अनयने परत बघितलं. तोच आकडा. ती उतरली, गाडी दोन-तीनदा खाली दाबून सोडली, पुन्हा बसली. तोच आकडा. ती चिडली नाही, फक्त बोलायची थांबली. तिच्या हँगरमध्ये काही गंभीर असलं की बहुतेक असंच होत असावं.

"स्प्रिंग खराब असेल," अनय म्हणाला.

"नवीन आहे."

"मग तुझा हिशेब—"

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

बागेत वाट करायला आणलेल्या खडीच्या गोण्या कोपऱ्यात पडून होत्या, प्रत्येकीवर वजन छापलेलं. शिल्पाने मला खाली उतरवलं. तिने आणि अनयने दोन मोठ्या गोण्या आणि एक लहान अशा माझ्या जागी पट्ट्याने बांधल्या. तिघींची बेरीज सहासष्टच्या अगदी जवळ होती. शिल्पा पुढे बसली. अनयने टेप धरली आणि आकडा वाचला. ह्या वेळी गाडी हवी तेवढी, बरोबर तेवढीच दबली होती.

"खडी बरोबर सांगतेय," शिल्पा म्हणाली.

मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. अनयनेही पाहिलं. जुलै असून मी स्वेटर घातला होता. ह्या देशात माणूस स्वेटरमध्ये बराच काळ लपू शकतो.

"बाबा, सहासष्ट कधी होतं?"

"नंदा असताना."

अनय आत जाऊन बाथरूममधला वजनकाटा घेऊन आला. तो सिमेंटवर ठेवून ते दोघं बाजूला उभे राहिले. मी चपला काढून वर चढलो. काट्यावर चौपन्न आले.

मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं ते आश्चर्य. आम्ही तिघं रोज संध्याकाळी एका टेबलाशी बसून आमटीभात जेवत होतो. ते दोघं मला बघत होते, मी आरशात मला बघत होतो. कुणाला दिसलं नाही ते एका लोखंडाच्या वेटोळ्याला कळलं. मी कोण, किती शिकलेला, काय लपवतोय, ह्यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याच्यावर बसलो आणि त्याने सांगून टाकलं. त्या काळ्या स्प्रिंगकडे बघताना मला देवळात उभं राहिल्यासारखं झालं.

"बारा किलो," अनय म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "आईचं पण असंच सुरू झालं होतं."

"मला माहीत आहे," शिल्पा म्हणाली. तिने हातमोजे काढले, एकात एक घातले, टेबलावर ठेवले. कोपऱ्यातल्या शिल्लक गोणीवर बसली आणि फोन काढला.

"काय करतेस?" मी विचारलं.

"बोटीचं बघते. कॅन्सल केलं तर पुढच्या वर्षी देतात का."

"अगं, पण—"

"रस्ता कुठे जात नाही, बाबा. ब्लड टेस्ट, स्कॅन, सगळं लागेल. मी इथे नसले तर हा तुम्हाला व्हिटॅमिन सी देऊन झोपवेल."

अनय हसला नाही.

तिचा अंगठा फोनवर फिरत होता. त्या अंगठ्याच्या नखाखाली पिवळा रंग होता. मला कारण माहीत होतं. गेल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. सांगायचं म्हणजे एक वाक्य होतं, पण ते मी इतके महिने गिळलं होतं की आता वर येईना. मी तोंड उघडलं, मिटलं. शिल्पाने वर पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं असेल, नेहमीचं 'असू दे, माझं काय' असणार.

मग मी पाठ फिरवली, तोंडात बोटं घातली आणि खालची कवळी काढली. वळलो. शिल्पाच्या कामाच्या टेबलावर निळ्या कागदी रुमालावर बोल्ट रांगेने मांडलेले होते. त्यांच्या शेजारी मी ती कवळी ठेवली.

सुनेसमोर मी आजवर पायमोज्याशिवायसुद्धा वावरलो नव्हतो. ओठ आत गेले होते, आणि मला ठाऊक होतं की मी कसा दिसतोय.

"ही टोचते," मी म्हणालो. शब्द गळत होते. "पोळी चावता येत नाही. भात येतो."

"कधीपासून?"

"नवी केली तेव्हापासून."

"बाबा, ते नोव्हेंबर होतं."

"तुम्हाला डेंटिस्ट मिळवायला किती फोन करावे लागले होते. परत कशाला म्हटलं."

अनयने कपाळाला हात लावला. "आणि दुपारचा डबा? मी रोज पोळीभाजी ठेवतो. रोज रिकामा असतो."

मी ड्राइव्हकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. कोल्हा उठला, अंग ताणलं आणि पुन्हा बसला.

"ओ माय गॉड," अनय म्हणाला. "मेथीची भाजी पण?"

"मेथी आवडते त्याला. दुधी खात नाही."

शिल्पा आधी गोणीवर वाकली, आणि मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. मग रडतही होती थोडं. उठून तिने कवळी निळ्या कागदात धरली, दाराच्या उजेडात नेली आणि सगळ्या कडेवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर किळस शोधत होतो मी. तिथे फक्त लक्ष होतं, जसं बोल्टकडे असतं.

"इथे," ती म्हणाली. "इथे एक उंचवटा आहे. हिरडीत जात असेल. तोंड दाखवा."

मी दाखवलं. तिने फोनचा दिवा धरला.

"जखम आहे. तुम्ही आठ महिने ह्याच्यावर जेवलात?"

"मी कुठे जेवलो," मी म्हणालो. "कोल्हा जेवला."

ते ऐकून अनय शेवटी हसला.

"मी स्वतः हे घासणार नाही, माझं काम नाही ते," शिल्पा म्हणाली. "पण कॅन्सल पण नाही करत. अजून नाही. मंगळवारी ब्लड टेस्ट. डेंटिस्ट शुक्रवारच्या आत, मी स्वतः फोन करते. दोन्ही क्लिअर असेल तर जाते. नसेल तर नाही जाणार, आणि तुम्ही मला 'जा' म्हणायचं नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात इतक्या स्पष्ट अटी कुणी माझ्याबरोबर ठरवल्या नव्हत्या.

तिने सबंध सोमवार फोनवर घालवला. बुधवारी डेंटिस्टने कवळी यंत्रावर धरली, जेमतेम मिनिटभर घासली आणि परत माझ्या तोंडात बसवली. मी जबडा हलवला. काहीच झालं नाही. काही न होणं इतकं मोठं असू शकतं हे मी विसरलो होतो. शुक्रवारी दुपारी जीपीच्या, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या, क्लिनिकमधून फोन आला, तो अनयने घेतला. रक्तात भीतीसारखं काही नव्हतं. स्कॅनची गरज नाही, पण वजन महिन्याने पुन्हा बघू, म्हणाले.

शनिवारी पहाटेच्या उजेडात गाडी ड्राइव्हवर उभी होती. पेट्या, तंबू, दोन्ही बाजूंना पाण्याच्या पिशव्या. इतके आठवडे मी तिचे भाग पाहिले होते. आता ती पूर्ण होती, आणि तिच्यासमोर माझ्याकडून आपोआप हात जोडले गेले. मी नारळ आणला नव्हता, हळदीकुंकूही नाही. त्या पिवळ्या रेघांहून जास्त मला काही करता आलं नसतं.

शिल्पाने खाली वाकून सीटखालच्या काळ्या नॉबवर रंगाची रेघ ओढली. मग नॉबच्या कडेला, थोडं पुढे, आणखी एक.

"ही पहिली सामानाची," ती म्हणाली. "ही दुसरी तुमची. सहासष्टची. मी आले की तुम्ही मागे बसायचं आणि आपण ह्या रेघेवर मोजायचं. आकडा कमी आला तर ह्या वेळी मी स्प्रिंगला काही विचारणार नाही, तुम्हालाच विचारेन."

"आणि बरोबर आला तर?"

"तर फिरायला नेते. ब्रायटनपर्यंत. हात मांडीवर नाही ठेवायचे, मला धरायचं."

ती वाकून नमस्कार करायला लागली, पण जाड जॅकेटमध्ये तिला नीट वाकता येईना. मी तिच्या हेल्मेटवर हात ठेवला. अनय तिला काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळली, आणि तिचा आवाज विमानांच्या आवाजात मिसळून गेला.

बारा दिवसांनी दुपारी तिचा फोटो आला. काळी खडी, करडं आभाळ, लांबवर बर्फाची एक कड, आणि मधे गाडी, गुडघ्याएवढ्या पाण्यातून आल्यासारखी ओली. माणूस नाही, तारेचा खांब नाही, झाड नाही. नकाशातला तो कोरा कागद असा दिसत होता. मी फोटो बोटांनी मोठा करत गेलो. त्या सगळ्या रिकामेपणात, सीटखाली, चिखलाच्या शिंतोड्यांमधून माझी पिवळी रेघ दिसत होती. तुटली नव्हती.

फोन डब्याला टेकवून उभा ठेवला आणि मी पोळीचा पुढचा घास तोडला. काचेच्या दारापलीकडे कोल्हा बराच वेळ वाट बघत होता. दुधी होता, म्हणून त्याला फारसं वाईट वाटलं नसावं.